पाण्यांत पडलेल्या मोबाइलची शुश्रूषा

मोबाइल पाण्यांत पडण्यास नदी किंवा समुद्र लागत नाहीं. न्हाणीघरांतील बादली, स्वयंपाकघरांतील मोरी अथवा मेजावर कलंडलेला चहाचा पेला एवढें साहित्य पुरेसें होतें. असा प्रसंग ओढवला कीं घरांतील प्रत्येकजण एकेक उपाय सुचवूं लागतो. कोणी चार्जर आणतो, कोणी केस वाळविण्याचें यंत्र, तर कोणी तांदळाचा डबा उघडतो. तिन्ही उपाय सद्धेतूनें केले जातात आणि तिन्ही चुकीचे आहेत. ते कां, हें समजण्यासाठीं पाणी त्या यंत्राचें नेमकें काय बिघडवितें हें पाहिलें पाहिजे.

शुद्ध पाणी विजेचें अगदीं दुर्बळ वाहक आहे. परंतु घरांत येणाऱ्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्या योगानें त्यांतून वीज वाहूं शकते. मोबाइलमधील बॅटरीचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो. पाण्याचें विघटन होण्यास सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणून ओल्या यंत्रांत वीज खेळत राहिली तर आंतील तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषा झिजूं लागतात, त्यांवर गंज चढतो आणि झिजलेला धातु भलत्याच जागीं सांचून दोन रेषा एकमेकींस जोडतो. हा विध्वंस एकटें पाणी करीत नाहीं. पाणी आणि वीज मिळून करतात.

पाणी निघून जाण्यास वेळ लागतो. वीज मात्र तत्क्षणीं थांबवितां येते. म्हणून पहिला उपचार एकच: फोन बाहेर काढतांच बंद करावा. चार्जरला जोडलेला असतांना तो भिजला असेल, तर त्यास स्पर्श करण्यापूर्वीं कोरड्या हातानें भिंतीवरील बटण बंद करावें. ‘चालतो कीं नाहीं तें पाहूं’ हा मोह हाच त्याचा खरा शत्रु होय.

नंतर वरचें आवरण व सिम कार्डाचा ट्रे काढावा, फोन सुती कापडानें टिपावा आणि चार्जरचें भोंक खालीं करून तो तळहातावर हलकेच आपटावा. भोंकांत काडी, कागद किंवा कापूस घालूं नये. पुढें निदान एक दिवस, शक्य तर दोन-तीन दिवस, तो कोरड्या जागीं पंख्याच्या वाऱ्यांत ठेवावा. कडक ऊन किंवा गरम हवा देऊं नये. उष्णतेनें सांध्यांतील गोंद सैल होतो आणि बॅटरीसही अपाय होतो. बॅटरी फुगलेली दिसली किंवा फोन तापूं लागला, तर घरगुती उपचार तेथेंच सोडावे.

राहिला तांदूळ. तो हवेंतील ओल थोडीफार शोषितो हें खरें. परंतु बंद कवचाच्या आंत, बारीक फटींत अडकलेल्या पाण्यापर्यंत त्याचा प्रभाव पोहोंचत नाहीं. उलट त्याचे कण भोंकांत शिरतात. अ‍ॅपल कंपनीनेंही २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत फोन तांदळाच्या पिशवींत ठेवूं नये असें स्पष्ट सांगितलें.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी वाळलें तरी ते आंतच राहतात. अशा वेळीं, आणि गोड चहा सांडला असतांही, वाळण्याची वाट न पाहतां फोन बंद स्थितींतच जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावा. तो उघडून क्षार धुऊन काढूं शकतो. खोक्यावरील ‘आयपी ६७’ या खुणेवरही विसंबूं नये. १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें, ही कसोटी गोड्या पाण्यांतील व नव्या फोनची असते. वापरानें व आपटण्यानें ती शक्ति उणावते.

फोन पुन्हां चालू झाला तरी आंत गंज वाढत असण्याचा संभव असतो. म्हणून तो जागा होतांच पहिलें काम म्हणजे त्यांतील छायाचित्रें, पत्ते व ध्वनिमुद्रणें दुसरीकडे उतरवून घेणें. यंत्र पैसे देऊन पुन्हां मिळतें. दिवंगत आजोबांचा त्यांत सांठविलेला आवाज कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. सुज्ञ कुटुंबानें ही प्रत फोन कोरडा असतांनाच करून ठेवावी, हें उत्तम.