आकाशांतून बीडची पीकपाहणी

बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते आणि मधून बालाघाटची रांग गेली आहे. गोदाकांठीं काळी, कसदार जमीन. वर पाटोदा-आष्टीकडे हलकी व मुरमाड. ह्या जमिनीवर कोठें काय उभें आहे, हें निजामी अमलांत पटवारी आणि पुढें तलाठी बांधावर जाऊन लिहीत. निदान जाऊन लिहावें, असा नियम होता! आतां हीच पाहणी उपग्रहाकडूनही होते. तिला दूरसंवेदन म्हणतात.

उपग्रहास रान ओळखतां येतें तें प्रकाशावरून. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, आणि माणसाच्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश पुष्कळसा परत फेकतें. ह्या दोहोंच्या प्रमाणावरून रान हिरवें आहे कीं सुकलें, हें आंकड्यांत मांडतां येतें. पाणी मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळूनच टाकतें, म्हणून जलाशय काळाभोर उमटतो.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह १९७२ सालीं निघाला. त्याच्या चित्रांतील एकेक ठिपका दीड एकराच्या वर जमीन व्यापी; लहान शेतकऱ्याचें सारें शेत त्यांत बुडून जावें. भारताचा आय. आर. एस. १-ए हा उपग्रह १९८८ सालीं कक्षेंत गेला. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपीय सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारें एक गुंठा आहे.

अशीं दोन सालांचीं चित्रें शेजारीं ठेविलीं कीं बदल दिसतो. पण त्यांतला खरा कोणता? सिंदफणेवर माजलगांवचें धरण झालें आणि शेतांच्या जागीं पाणी पसरलें, हा कायमचा पालट. उलट, केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यांत आटलें आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या उन्हाळ्याचें चित्र पाहून ‘जलाशय गेला, पडीक जमीन वाढली’ असें अनुमान जो काढील, तो एका अवर्षणालाच जमिनीचा स्वभाव समजेल. ऋतूचेंही तसेंच. दसऱ्याच्या सुमारास शाळू पेरलेलें शेत उघडें दिसतें, आणि डिसेंबरांत तेंच हिरवें असतें. पावसाळ्यांत तर ढगच आड येतात.

शिवाय जमिनीवर काय आहे तें दिसलें, तरी तिचा उपयोग काय होतो तें दिसेलच असें नाहीं. वाळलेलें गायरान नकाशांत पडीक म्हणून रंगविलें जातें, मग तेथें मेंढरांचा कळप रोज कां चरत असेना. घरचीं माणसें ऊसतोडीस परमुलखीं गेलीं म्हणून रब्बींत मोकळें राहिलेलें शेत आणि पाण्याअभावीं मोकळें राहिलेलें शेत, दोहोंचा रंग एकच.

हें सारें नकाशापुरतें असतें तर फारसें बिघडलें नसतें. पूर्वीं दुष्काळाचा निवाडा आणेवारीवर होई. केंद्र सरकारनें २०१६ सालीं केलेल्या दुष्काळसंहितेंत पावसाच्या आंकड्यांबरोबर उपग्रहानें मोजलेल्या हिरवेपणासही स्थान मिळालें. आणि त्या निवाड्यावर शेतसाऱ्याची सूट, पंपाच्या वीजबिलांतील सवलत अवलंबून. आतां गेवराईसारखा तालुका घ्यावा. गोदाकांठचा ऊस हिरवा, दूरच्या कोरडवाहू रानांत बाजरी करपलेली. सरासरी काढली, तर ती बाजरी उसाआड लपण्याचा संभव असतो. बांधावरची वेडी बाभूळ आणि शेतांतलें तण हींही हिरवींच! म्हणूनच निवडक गांवीं जाऊन पिकाची प्रत्यक्ष पाहणी करावी, अशी अट संहितेंत आहे. त्या निवडींत उसाचीं गांवें किती आणि बाजरीचीं किती येतात, ह्यावर कोरडवाहू शेतकऱ्याची सवलत ठरण्याची पाळी येते.