एका बोटावर बार



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘बोटांची डेडलिफ्ट’ असं सांगितलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत ते ‘बोटांचे व्यायाम’ असं छापून आलंय. संगणकावर टाइप करून बोटं दुखणारे कुणी त्या आशेनं आले असतील तर त्यांची क्षमा मागतो. मी बोलणार आहे ते बोटं दुखवणाऱ्या खेळाबद्दल.

डेडलिफ्ट तुम्हाला ठाऊक आहे: जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि ताठ उभं राहायचं. या प्रकारात नियम एकच वाढतो. दोन्ही हातांचं फक्त एकेक बोट वापरायचं, अंगठ्याची मदत घ्यायची नाही. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, प्रत्येकाची वेगळी स्पर्धा आणि वेगळा विक्रम. 1987 मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ‘ऑल-राउंड’ वेटलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. ऑलिम्पिकनं आणि पॉवरलिफ्टिंगनं अडगळीत टाकलेले जुने प्रकार तिनं जपले. एका हाताची उचल, जाड बारची उचल, आणि या बोटांच्या उचली. इथे बक्षिसाची रक्कम नाही, टीव्ही नाही. नोकरीधंदा सांभाळून लोक छोट्याशा जिममध्ये जमतात आणि वय-वजनाच्या गटानुसार विक्रमांची वही भरतात. मला हे फार आवडतं.

जुन्या पहिलवानांच्या गोष्टी मात्र जरा जपून ऐकाव्यात. क्यूबेकच्या लुई सिरनं एका बोटावर अडीचशे किलोच्या आसपास वजन उचलल्याचं सांगतात. हेर्मान ग्योर्नरच्या नावावर 1920 सालची, लाइपझिगमधली, एका हाताची 330 किलोची डेडलिफ्ट आहे. माणसं अफाट होती यात शंका नाही. पण कडीत बोट अडकवून वजन चार बोटं वर उचलणं निराळं आणि फिरता बार बोटावर घेऊन उभं राहणं निराळं. कडी बोटात बसून राहते, बार मात्र घरंगळतो.

इथूनच तंत्र सुरू होतं. दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून धरलं की बार बोटांच्या टोकांकडे लोळतो. म्हणून एक तळवा आत, एक बाहेर अशी उलटसुलट पकड घेतात. एका हातात तो ज्या दिशेला लोळू पाहतो, त्याच्या उलट दिशेला दुसऱ्या हातात, आणि मध्येच अडकतो. ऑलिम्पिकवाल्यांची अंगठा बोटांखाली दाबायची हुक-पकड इथे बाद, कारण अंगठाच बाद. बार कुठे बसवायचा? बोटाच्या मधल्या पेरात, खोल. तिथून तो शेवटच्या पेरावर सरकला की सांध्यांपासूनचं अंतर वाढतं आणि तेच वजन बोट उघडायला पुरेसं होतं. मग कितीही दात-ओठ खाल्ले तरी ते परत मिटत नाही. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावावी, पण पातळ. थर झाला की पूडच निसटते.

दुसरी गोष्ट झटक्याची. हे वजन पायांना आणि पाठीला किरकोळ असतं. त्यामुळे चांगला डेडलिफ्टर हमखास घाई करतो, बार हिसकतो. पण हिसक्यानं वेग वाढला की बोटावरचा ओढा त्या क्षणापुरता प्लेटांवरच्या आकड्यापेक्षा जास्त होतो. बार जमिनीवर असतानाच हळूहळू ताण भरत न्यायचा, बोट मधल्या पेरात घट्ट बसलंय याची खात्री करायची आणि मग उठायचं.

आता जरा कातडीखाली जाऊ. बोटात बोट मिटवणारे मोठे स्नायू नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून लांब कंडरा मनगटातून बोटांत उतरतात. गळाच्या काठीवर दोरा जसा कड्यांतून ओवलेला असतो, तशा त्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालून जातात. शेवटचं पेर वाकवणाऱ्या खोल स्नायूत तर्जनीचा भाग बराच स्वतंत्र असतो. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचा मात्र बराचसा एकत्र, सामाईक. म्हणून अनामिका एकटी वाकवायला जा, शेजारणी बरोबर येतात. आत्ता खुर्चीत बसून करून बघा.

हौशी लिफ्टर हे शरीरशास्त्र न वाचताच ओळखतात. बार एका बोटावर घेतला की उरलेली बोटं तळहातात घट्ट मिटून घ्यायची, ताकद लगेच वाढते. सामाईक स्नायू सगळा मिळून ओढतो. कड्यावरच्या एका बोटाच्या खाचेत लटकणारे गिर्यारोहकही हेच करतात. गंमत अशी की ज्या युक्तीनं वजन वाढतं, तिच्यातच इजा दडलेली आहे. तळहातात लंब्रिकल नावाचे बारीक स्नायू असतात, ते याच कंडरांवरून निघतात. अनामिका आणि करंगळीचे लंब्रिकल शेजारच्या दोन-दोन कंडरांना चिकटलेले असतात. एक बोट बारवर अर्धवट ताठ, शेजारचं पूर्ण मिटलेलं, म्हणजे त्या दोन कंडरा विरुद्ध दिशांना सरकतात आणि मधला स्नायू फाटू शकतो. तळहातात कळ येते, आणि ओळख अशी की सगळी बोटं एकत्र मिटून धरली तर दुखत नाही, एकट्यानं ओढलं की दुखतं. माझं मत स्पष्ट आहे: सरावात शेजारची बोटं सैल ठेवा आणि ही युक्ती स्पर्धेच्या दिवसासाठी राखा. सरावातला आकडा लहान दिसेल. दिसू द्या.

करंगळीची गोष्ट वेगळी. काहीजणांत तिच्या मधल्या सांध्याचा वरच्या थरातला स्नायू दुबळा असतो किंवा नसतोच. त्यामुळे करंगळीच्या उचलीत दोन तुल्यबळ माणसांत मोठी तफावत पडते, तिचा मेहनतीशी संबंध नसतो.

सरावाबद्दल गिर्यारोहकांकडून शिकावं. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशनं 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या जिममध्ये तिरप्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकून बोटांचा सराव सुरू केला आणि 1991 मध्ये ‘अ‍ॅक्शन दिरेक्त’ हा त्या काळातला सर्वांत अवघड मार्ग चढला. पण तो आधीच वर्षानुवर्षं चढत होता, हे लोक विसरतात. स्नायू काही आठवड्यांत वाढतात, कंडरा आणि त्यांचे पट्टे महिने-महिने घेतात. म्हणून आधी चार बोटांनी बार धरून काही सेकंद उभं राहायचं, मग तीन, मग दोन, आणि बऱ्याच काळानं एक. तेही स्टँडवर गुडघ्याच्या उंचीवरून, आठवड्यातून एक-दोनदाच. बोटाच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज आला आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर पट्टा गेला असण्याची शक्यता धरून थेट डॉक्टरकडे. चिकटपट्टी गुंडाळून पुढची उचल करायची नाही.

एक चिठ्ठी आलीय: दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुलांना हे सोपं जाईल का? त्यांचे कोपराखालचे हात तयार असतात, पकडीत दम असतो. पण त्यांचा भार सगळ्या मुठीवर येतो, शिवाय मांड्या आणि पायाची बोटंही दोरी धरतात. एकट्या बोटाची सवय त्यातून होत नाही. आणि मुलं वाढत्या वयाची असतील तर माझं उत्तर नाही असंच आहे. बोटाच्या मधल्या हाडाची वाढपट्टी अजून मऊ असते. किशोरवयीन गिर्यारोहकांत ती नेमकी तिथेच तुटलेली आढळते, आणि बरेचदा मूल फक्त ‘सांधा दुखतो’ एवढंच सांगतं. वाढ पूर्ण होईपर्यंत त्यांनी सगळ्या बोटांनीच उचलावं. पुढची चिठ्ठी द्या.