त्या १,३१,७४६ जणींचे देणे



क्लिनिकल रिसर्चमध्ये अलीकडे काय घडले यावर बोलावे, असे या अधिवेशनाच्या संयोजकांनी सुचवले. असे भाषण करायचे म्हटले की बोस्टन आणि लंडनपासून सुरुवात करण्याची आपल्याला सवय आहे. मी आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करणार आहे. आकडा आहे १,३१,७४६.

एवढ्या बायका आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या. सगळ्या ३० ते ५९ वयाच्या. ऑक्टोबर १९९९ पासून त्या एका अभ्यासात सामील झाल्या. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था या तिघांनी मिळून तो केला. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातली प्रमुख नावे. २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपल्या जिल्ह्याचे नाव वाचले. आपल्यापैकी किती जणांनी तो लेख वाचला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. तो छापून आल्यावर कितीतरी वर्षांनी मी वाचला, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प बसून होतो.

प्रश्न साधा होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, बायकांच्या भाषेत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’, लवकर हुडकायचा तर खेड्यात कोणती तपासणी चालेल? गावांचे ५२ गट केले आणि सोडत काढून ते चार भागांत वाटले. एका भागात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी. दुसऱ्यात पॅप स्मिअर. तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, जिला आपण व्हीआयए म्हणतो. चौथ्या भागात तपासणी नाही, नेहमीचेच उपचार. तपासणी प्रत्येकीची एकदाच करायची आणि मग आठ वर्षे लक्ष ठेवायचे.

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ या कॅन्सरने दगावल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. पॅप स्मिअरच्या गटात ५४ आणि व्हिनेगरच्या गटात ५६, म्हणजे त्या दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. एका वेळच्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. पुढे गेलेल्या अवस्थेतल्या कॅन्सरचेही तसेच, ८२ च्या जागी ३९. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली, त्यांना पुढच्या वर्षांत हा रोग फारच कमी झाला. वर्षाला लाखात ३.७. पॅप स्मिअर निगेटिव्ह आलेल्यांत हेच प्रमाण १५.५ होते.

असे का, ते इथल्या प्रत्येकाला उमजेल. पॅप स्मिअर वाचायला सरावलेला डोळा लागतो. व्हिनेगरचा पांढरा डाग ओळखणे पाहणाऱ्याच्या नजरेवर जाते. एचपीव्हीची चाचणी यंत्र वाचते. मात्र व्हिनेगरची पद्धत वाया गेली, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने आरोग्यसेविकांकडून तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करून घेतली. २०१४ साली आलेल्या त्या निष्कर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. एकदाच पाहण्यात आणि फिरून फिरून पाहण्यात एवढे अंतर पडते.

हे काम उभे राहिले त्याच्या मागे बार्शीची माती आहे. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत आपल्याच जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके त्यात होते. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून, कोणाला कसली गाठ, कोणाला कसला रक्तस्राव याची नोंद करायची. अशी वही वर्षानुवर्षे राखली, म्हणूनच पुढचा एवढा मोठा अभ्यास पेलता आला.

आणि आपल्या बायका आल्या. भूकंपाला तेव्हा सहा वर्षे झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर सास्तूरपासून किल्लारीपर्यंतच्या गावांनी किती पथके, किती फॉर्म, किती प्रश्न पाहिले, ते तुम्ही जाणता. बाहेरून वही घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा दारात उभे करायचे आणि त्यातून ही असली तपासणी, जिच्याबद्दल नवऱ्याजवळही बोलता येत नाही. तरी बोलावलेल्या दर पाच जणींपैकी जवळजवळ चौघी आल्या. ज्या राहून गेल्या त्यांत वयाने मोठ्या आणि शाळा न पाहिलेल्या अधिक होत्या. हेही संशोधकांनी २००७ साली वेगळे छापले आहे. शिबिर लावताना आपण हे ध्यानात घेत नाही. ज्या येतात त्यांना तपासतो आणि संख्या लिहून मोकळे होतो.

आता त्या चौथ्या गटाबद्दल. तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ जणींबद्दल नंतर कडक आक्षेप घेतले गेले. व्हिनेगर आणि पॅप स्मिअर उपयोगी असल्याचे ठाऊक असताना एवढ्या बायकांना विनातपासणी का ठेवले, असा सवाल २०१४ च्या सुमारास वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांतून झाला. संशोधकांचे उत्तर असे की, त्या काळी भारतातल्या खेड्यात तपासणी कुठेच नव्हती, मग तुलना कशाशी करायची? दोन्ही बाजू मी वाचल्या. माझे मत सांगतो. उत्तर शास्त्राच्या चौकटीत बसते, पण त्या ६४ जणींच्या घरी जाऊन ते सांगण्याची माझी हिंमत नाही. त्यांच्या मरणातून जे कळले ते जगाला मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, तिच्या आधाराला असलेल्या अभ्यासांत हा एक मोठा खांब आहे.

आणि आपल्याला काय मिळाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या भारतीय स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के निघाले. सरकारी कार्यक्रमाने २०१६ साली व्हीआयए स्वीकारली, तीही केंद्रात सिस्टरला वेळ असेल तेव्हा होते. ज्या चाचणीने याच जिल्ह्यात मृत्यू निम्मे केले, ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रोजची झालेली नाही. हे मला सलते.

तपासणी नसते तिथे भीती शिरते. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीहून परतलेली, तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. अंगावरून पांढरे जात होते. म्हणाली, "सायेब, पिशवीच काढून टाका. पुना कॅन्सर झाला तर लेकरं उघड्यावर पडतील." कोणीतरी तिला तसे सांगून ठेवले होते. साध्या जंतुसंसर्गाचा आजार, गोळ्यांनी बरा झाला. सगळ्याच जणी अशा सुटत नाहीत. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रिया करणाऱ्या माझ्या मित्रांना हात जोडून सांगतो, कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासा. शंका हे पिशवी काढण्याचे कारण होऊ शकत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ सालच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एवढ्यांच्या पिशव्या काढणार आहोत का आपण?

प्रतिबंधाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातही बार्शी आहे. एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास २००९ साली बार्शीसह देशातल्या काही केंद्रांवर सुरू झाला. २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठले आणि सरकारने सगळीकडचे लसीकरण थांबवले. हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही, दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ साली दिसले की विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक मात्रा पुरेशी मानली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे.

संशोधन मोठ्या इमारतीतच होते, असे अजून ज्यांना वाटते त्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहावे. आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, घाम, छातीतली घरघर लिहून ठेवली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यातून पुढे आली. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा ७० रुग्णांचा अभ्यास आला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. सत्तर रुग्ण! आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत विंचवाचे किती रुग्ण येतात ते आठवा, आणि त्यांपैकी किती जणांची तासातासाची नोंद आपल्याकडे आहे तेही आठवा.

दंतवैद्य मित्रांनो, आपल्या भागात मिशरी, तंबाखू आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा रोज तुमच्या खुर्चीत येऊन बसतो. तोंड दोन बोटेच उघडते, तिखट झोंबते, गालात पांढरा चट्टा आहे, हे सगळ्यांत आधी तुम्ही पाहता. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांनी २०१५ साली दाखवले की, सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. गाठी दिसेपर्यंत थांबले तर ६७.५ टक्के. या शोधाचा लाभ मिळायला रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेत तिथे पोहोचायला हवा, आणि ते तुमच्या हातात आहे. दाढ काढायला आलेल्याचे पूर्ण तोंड पाहा, जिभेच्या कडेसकट.

वैद्य मंडळींशी आदराने पण स्पष्ट बोलतो. डॉ. रुस्तम वकील यांनी मुंबईत सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली, १९४९ साली निष्कर्ष छापले आणि जगाला एक औषध मिळाले. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर सुंठ, गुळवेल, गुग्गुळ, शल्लकी यांच्या योगांची तुलना आधुनिक औषधांशी केली. २०१३ साली आलेल्या निष्कर्षात आयुर्वेदिक योग बरोबरीने उतरले. त्याच अभ्यासात काहींच्या यकृताच्या तपासणीचे आकडे वाढल्याचेही प्रामाणिकपणे नोंदले आहे. मग २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताचा त्रास झाल्याचे छापले, तेव्हा आपण एवढे का रागावलो? आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल अशीही चर्चा झाली. पण कोरोनाच्या काळात बांधावरच्या लिंबावरची गुळवेल उपटून घरोघर काढे उकळले गेले. मात्रा किती, किती दिवस, वेल नेमका कोणता, हे कुणी लिहिले? काविळीच्या प्रत्येक रुग्णाला काढ्याबद्दल विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. औषधावर तुमचा विश्वास असेल तर त्याची नोंद ठेवायला भ्यायचे कारण नाही.

१९९९ साली त्या अभ्यासात आलेल्या बायका आज पंचावन्न ओलांडून पुढे गेल्या आहेत. काही आपल्यात नाहीत. ज्या आहेत, त्या दर आठवड्याला आपल्या दवाखान्यात गुडघे दाखवायला येतात. आपण काय शोधायला मदत केली, हे त्यांतल्या बहुतेकींना कोणी सांगितलेले नाही. त्यांच्या लेकी आणि सुना आता नेमक्या त्याच तीस ते एकोणसाठच्या वयात आहेत.

म्हणून या अधिवेशनाने एकच ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. लोहारा तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्ही चाचणी मिळावी, अशी मागणी आपण सर्व शाखांच्या सह्यांनी जिल्हा परिषदेकडे आणि शासनाकडे करू. निवेदनाच्या पहिल्या ओळीत १,३१,७४६ हा आकडा लिहू. सह्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी सही करा, आणि उद्या दवाखान्यात येणाऱ्या साठीच्या पहिल्या आजीला विचारा, तेव्हा तुमची तपासणी झाली होती का. झाली असेल तर त्यातून काय निघाले, ते तिला सांगा.