हावड्याचा पूल

मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्यास जावयास निघालेल्या उतारूस प्रवासाच्या शेवटी एक गोष्ट ध्यानी येते. आगगाडी त्यास कलकत्त्यास नेऊन सोडीत नाही. ती हावड्यास थांबते. हावडा हे निराळे शहर असून ते हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे, आणि कलकत्ता पूर्व तीरावर. स्थानकाबाहेर पडताच उतारूच्या डोळ्यांपुढे पोलादाचा एक प्रचंड सांगाडा आभाळात चढलेला दिसतो. तोच हावड्याचा पूल.

सन 1854 मध्ये हावड्याहून पहिली आगगाडी सुटली. तेव्हापासून उत्तर हिंदुस्थानचा माल आणि माणसे हावड्यास येऊन उतरू लागली. परंतु कचेऱ्या, पेढ्या आणि मुख्य बाजारपेठ हे सारे पैलतीरी. मध्ये सुमारे दीड हजार फूट रुंदीचे पाणी. हे अंतर तोडावयास होड्या पुरेनात. पूल हवा, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. 1855 च्या सुमारास सरकारने त्यासाठी एक समितीही नेमली. तथापि आज उभा असलेला पूल वाहतुकीस खुला झाला तो 1943 साली. म्हणजे विचारास आरंभ होऊन तो पुरा होईपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे लोटली. एवढा काळ लागावा असे काय होते?

याचे उत्तर नदीच्या स्वभावात आहे. हुगळी ही गंगेचीच शाखा. ती वरून अपरंपार गाळ घेऊन येते, आणि खालून दिवसातून दोन वेळा समुद्राची भरती तिच्यात चढते. समुद्रगामी जहाजे याच पाण्यातून कलकत्त्याच्या बंदरास येत. अशा नदीच्या पात्रात दगडी खांब उभे केले, तर प्रवाहाचा वेग खांबांपाशी मोडतो. वेग मोडला की पाण्यातला गाळ तळाशी बसतो. आज मूठभर, उद्या पसाभर, असा साचत जाऊन त्याची दांडी बनते आणि जहाजांची वाट बुजते. बंदर बुजले तर पूल बांधावयाचा कोणासाठी? यास्तव जाणत्यांनी एक अट मनाशी पक्की केली : नदीच्या पात्रात कायमचा खांब नको. ही अट संभाळण्यातच या पुलाचा सारा इतिहास साठविला आहे.

प्रथम या अटीतून जी वाट काढली ती तरत्या पुलाची. 1871 साली पुलासंबंधी कायदा झाला आणि ब्रॅडफर्ड लेस्ली या स्थापत्यविशारदाकडे काम सोपविण्यात आले. पुलाचे भाग विलायतेत तयार करून जहाजांनी आणले व येथे जोडले. तरत्या लोखंडी नावांच्या रांगेवर टाकलेला हा रस्ता 1528 फूट लांब व 62 फूट रुंद होता. पूल पुरा होण्यापूर्वीच, 1874 च्या मार्च महिन्यात, एजेरिया नावाची आगबोट नांगर तुटून वादळात त्यावर येऊन आदळली. तीन नावा बुडाल्या आणि सुमारे दोनशे फूट भागाची मोडतोड झाली. ती दुरुस्त करून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पूल खुला करण्यात आला. एकंदर खर्च सुमारे 22 लक्ष रुपये झाला.

या पुलाचा मधला दोनशे फुटांचा तुकडा बाजूस सारता येत असे. जहाजे जावयाची असली म्हणजे तो सारावयाचा, आणि दोन्ही तीरांवरील माणसांनी, गाड्यांनी आणि बैलांनी तिष्ठत राहावयाचे. पूल जोडला म्हणजे माणसे चालू लागत आणि जहाजे खोळंबत. 1906 पासून बहुतेक जहाजांसाठी तो रात्री उघडू लागले, त्यामुळे दिवसाचा खोळंबा काहीसा कमी झाला. परंतु मूळ अडचण तशीच राहिली. पुलावरील वाहनांची त्याच साली गणना झाली, तेव्हा तेरा वाहनांपैकी आठ बैलगाड्या असल्याचे आढळले. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या त्या रस्त्यावरून भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांचे काय हाल होत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. सारांश, तरत्या पुलाने नदीचा मान राखला खरा. पण नगराची आणि बंदराची सोय मात्र आळीपाळीनेच होऊ शकली.

नव्या पुलासाठी समित्या बसल्या. बोटींची ने-आण वाढवावी, नदीखालून बोगदा काढावा, पुन्हा तरताच पूल बांधावा, असे नाना पक्ष पुढे आले. तोच पहिले महायुद्ध पेटले आणि सारे मागे पडले. 1921 मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापत्यविशारदांची समिती नेमली गेली. चर्चेअंती कॅन्टिलिव्हर पद्धतीचा पूल योग्य ठरला आणि 1926 मध्ये नवा कायदा झाला. पुढे रेंडेल, पामर आणि ट्रिटन या मंडळींनी आराखडा तयार केला. बांधणीसाठी जगभरातून निविदा मागविल्या, तेव्हा सर्वांत कमी रक्कम एका जर्मन कंपनीची होती. परंतु 1935 च्या सुमारास इंग्लंड-जर्मनीचे संबंध बिघडत चालले होते, म्हणून काम क्लीव्हलँड ब्रिज या इंग्रज कंपनीस मिळाले.

कॅन्टिलिव्हर म्हणजे काय, हे एका साध्या दृष्टांताने कळेल. ओढ्याच्या दोन काठांवर दोन धट्टेकट्टे गडी समोरासमोर उभे आहेत. प्रत्येकाने एक हात पुढे, पाण्यावर पसरला आहे आणि दुसरा मागे. मागचा हात जमिनीतल्या मेखेला घट्ट बांधला आहे, म्हणून पुढच्या हातावर भार आला तरी गडी ओढ्यात कोलमडत नाही. आता दोघांच्या पुढच्या हातांवर मिळून एक फळी ठेवली की ओढ्यावर वाट झाली, आणि ओढ्यात मात्र काहीच रोवावे लागले नाही. हावड्याच्या पुलाची रचना नेमकी अशी आहे. दोन तीरांवरील सुमारे 280 फूट उंचीचे मनोरे हे ते दोन गडी. मागचा प्रत्येक हात 325 फुटांचा, पुढचा 468 फुटांचा, आणि मधली फळी 564 फुटांची. दोन मनोऱ्यांमधला गाळा भरतो 1500 फूट. त्या काळी जगातील या जातीच्या पुलांत तो तिसरा ठरला. रस्ता या सांगाड्याच्या माथ्यावरून जात नाही. 39 पोलादी जोड्यांच्या आधाराने तो खाली टांगलेला आहे.

एवढा भार पेलावयाचा तर पाया तसाच हवा. प्रत्येक मनोऱ्याखाली 181½ फूट लांब व 81½ फूट रुंद अशी एक अजस्र पेटी जमिनीत उतरविली गेली. तिच्यात 21 चौकोनी विहिरी होत्या. विहिरींतील चिखल उपसत जावा, तसतशी पेटी स्वतःच्या वजनाने खाली बसत जावी, असा हा क्रम रात्रंदिवस चालला होता. कलकत्त्याच्या बाजूस ती सुमारे 103 फूट आणि हावड्याच्या बाजूस सुमारे 87 फूट खोल नेली. कलकत्त्याकडे वाहती वाळू लागली, तेव्हा पाणी व वाळू थोपविण्यासाठी दाबाची हवा आत सोडून मजुरांना त्या हवेत काम करावे लागले. चिखलाबरोबर जुने नांगर, तोफा, तोफेचे गोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारच्या वेळची नाणी वर आली. एके रात्री तळची माती एकाएकी खचली आणि ती सबंध पेटी दोन फूट खाली आदळली. खिदिरपूर येथील यंत्रावर भूकंपासारखी नोंद झाली आणि तीरावरचे एक देऊळ ढासळले. ते मागाहून पुन्हा बांधण्यात आले.

पायाचे काम आटोपते न आटोपते तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुलास सुमारे 26,000 टन पोलाद हवे होते आणि ते विलायतेहून यावयाचे होते. युद्धामुळे तिकडून अवघे 3,000 टन मिळाले. बाकीचे 23,000 टन जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने पुरविले. त्यासाठी त्यांनी टिस्क्रोम नावाचे अधिक बळकट पोलाद सिद्ध केले. ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कंपन्यांच्या मंडळाने कलकत्त्यातच त्याचे भाग घडविले. हे भाग नट-बोल्टांनी नव्हे, तर रिव्हेटांनी जोडलेले आहेत. दोन्ही तीरांकडून सांगाड्यावरूनच सरकत जाणाऱ्या याऱ्या पुढे पुढे जोडकाम करीत गेल्या. अखेर मधोमध दोन अर्धे भाग समोरासमोर आले, तेव्हा प्रत्येकी 800 टन जोराचे सोळा जॅक लावून ते जुळविण्यात आले.

3 फेब्रुवारी 1943 रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. कलकत्त्यावर नुकतेच जपानी विमानांचे हल्ले होऊन गेले होते. त्यामुळे ना मंडप, ना वाजंत्री, ना भाषणे. एक एकटी ट्रामगाडी पुलावरून गेली, आणि नव्वद वर्षे ज्याचा काथ्याकूट चालला होता ते काम पुरे झाले.

1965 साली या पुलास रवींद्र सेतू असे नाव देण्यात आले. तथापि लोकांच्या तोंडी हावड्याचा पूल हेच नाव राहिले. 1993 मध्ये त्यावरील ट्राम बंद झाली. 1992 मध्ये खालच्या बाजूस विद्यासागर सेतू उभा राहिला, आणि 2024 मध्ये नदीच्या तळाखालून मेट्रो रेल्वेही धावू लागली. एके काळी ज्या बोगद्याची नुसती चर्चा झाली होती, तोही असा निराळ्या रूपाने अवतरला. परंतु डोक्यावर भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन पायी निघालेल्या माणसाची वाट अजून हीच आहे. रोज लाखाहून अधिक पादचारी तिच्यावरून ये-जा करतात.

या माणसांकडूनच पुलास एक विलक्षण उपद्रव पोचला. रस्ता ज्या पोलादी दांड्यांवर टांगला आहे, त्यांच्या बुडाशी येणारे-जाणारे पान-तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकीत. त्यातील चुना व इतर द्रव्ये पोलाद खातात. 2011 साली तपासणी झाली, तेव्हा बुडाशी बसविलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी आवरणाची जाडी चार वर्षांत निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. शेवटी धुता येईल असे काचतंतूंचे आच्छादन त्यावर चढवावे लागले.

पुलाच्या जाणत्यांनी ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती ती गाळाची. कणाकणाने साचून जो बंदर बुजवितो त्या गाळाची. त्याच्यासाठी त्यांनी पात्रात एक खांबही रोवला नाही, अधिक खर्च सोसला आणि दोन पिढ्या थांबण्याची तयारी ठेवली. पिचकारी टाकणाऱ्या वाटसरूस आपल्या हातून काही मोठा अपराध घडतो आहे असे वाटत नाही, आणि एकट्याचा विचार केला तर ते खोटेही नाही. एका कणाने बंदर बुजत नाही, तसे एका पिचकारीने पोलाद झिजत नाही. परंतु नदीचा हिशेब जसा कणांचा, तसा नगराचा हिशेब माणसांचा असतो. हुगळीच्या गाळाचा विचार करून ज्यांनी पूल बांधला, त्यांनी आपले काम चोख केले. त्यावरून चालणाऱ्यांचे काम रोज नव्याने करावयाचे आहे.