पुढाऱ्याची तयारी



अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत १९०९ सालीं फ्रेड हॅरिस ह्या विद्यार्थ्यानें बर्फांत व डोंगरांत हिंडणाऱ्यांचें मंडळ स्थापिलें. १९३५ पासून तेथें नवागतांना सहलीस नेण्याची प्रथा पडली. नेणारे पुढारी विद्यार्थीच, तेंही विनावेतन. मात्र केवळ हौसेनें हें काम मिळत नाहीं. आधीं प्रथमोपचार शिकावे लागतात. कारण रानांत कोणाचा पाय मुरगळला, तर वैद्य दूर आणि पुढारी जवळ असतो. ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्या चालीनें सर्वांस न्यावें, आणि आभाळ भरून आल्यास शिखर समोर दिसत असतांही मागें फिरावें, हें त्याचें कर्तव्य. म्हणून पुढारी होऊं इच्छिणाऱ्यानें प्रथम थकलेल्या सोबत्याचें ओझें उचलण्यास शिकावें.