द्रौपदीचा प्रश्न आणि कर्णाचा पश्चात्ताप

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मराठी घरांत महाभारतावर वाद निघाला की तो बहुधा कर्णापाशी येतो. वडील पांडवांच्या बाजूने बोलू लागतात, आणि नुकतीच ‘मृत्युंजय’ वाचून झालेला मुलगा किंवा मुलगी कर्णाची कैफियत मांडू लागते. जन्मतःच टाकलेला, कुळावरून हिणवलेला, तरीही दानशूर आणि मित्रासाठी प्राण देणारा! वडिलांकडे त्याला उत्तर नसते. असलेच तर ते द्यूतसभेचे असते. त्यावर मुलांचे प्रत्युत्तर तयारच असते : द्रौपदीने स्वयंवरात भर सभेत त्याचा अपमान केला नव्हता का?

हा वाद सुटायचा असेल तर आधी त्या प्रत्युत्तराकडे पाहिले पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदेपासून मलयाळमपर्यंतच्या लिप्यांतील पोथ्या जमवून, ओळीला ओळ लावून पाहिली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाला शिस्त लावली. आदिपर्वाचे संपादन त्यांनी स्वतः केले. १९६६ साली मुख्य संहितेचे काम पूर्ण झाले. विद्वानांच्या पिढ्या या कामात खर्ची पडल्या, आणि आपल्यापैकी अनेकांनी त्या खंडांचे पान उलटून पाहिलेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते. त्या संहितेत, सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदीने कर्णाला सुनावल्याचा प्रसंग नाही. तो काही पोथ्यांत आहे, पण सर्व परंपरांतील पोथ्यांची साक्ष त्याच्या बाजूने नाही. म्हणून संपादकांनी तो मुख्य संहितेत घेतला नाही.

दुसरा प्रसंग मयसभेचा. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रांची मालिका दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेली, आणि २०२० साली टाळेबंदीत नव्या पिढीनेही ती पाहिली. पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला आणि त्याच्या आंधळ्या पित्याला उद्देशून द्रौपदीने काढलेले बोचरे उद्गार त्यामुळे सर्वांना पाठ आहेत. व्यासांच्या सभापर्वात ते उद्गार नाहीत. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, अर्जुन आणि जुळे भाऊ हसतात, सेवक हसतात. त्या कथनात द्रौपदी नाही. पुढे दुर्योधन पित्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा त्याच्या तोंडून मात्र ती हसणाऱ्यांत येते. गाऱ्हाणे सांगणारा माणूस घडलेल्यात थोडी भर घालतो, हे व्यासांना ठाऊक होते.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एक कर्णाच्या रागाचे कारण पुरवतो, दुसरा दुर्योधनाच्या. दोन्हींत कारण एकच ठरते, ते म्हणजे द्रौपदीची जीभ. शतकानुशतके कथा सांगणाऱ्यांना, सभेत इतके भयंकर घडले त्याअर्थी त्या स्त्रीने आधी काहीतरी केले असले पाहिजे, असे वाटत आले. आजही गावात किंवा सोसायटीत एखाद्या मुलीवर प्रसंग ओढवला की पहिला प्रश्न तिच्या वागण्याविषयी निघतो. तीच ही खोड आहे. व्यासांनी मात्र त्या अत्याचाराला असे कारण दिलेले नाही.

त्यांनी तिच्या मुखी एक प्रश्न दिला. प्रातिकामी तिला बोलवायला अंतःपुरात जातो तेव्हा ती रडत नाही, शापही देत नाही. ती त्याला परत पाठवते आणि विचारायला सांगते की, राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानली. उत्तर कोणतेही आले तरी तिची स्थिती बिकटच होणार होती, हा त्यांचा मुद्दा तर्काने खरा आहे. पण सभेच्या बाजूने पाहिले तर त्या प्रश्नाने काय केले ते दिसते. तोवर हा कौरवांच्या घरचा जुगार होता. प्रश्न आला आणि तिथे बसलेला प्रत्येक जण त्याचा साक्षीदार झाला.

भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, निर्णय करता येत नाही. आणखी एकदा विचारल्यावर तर ते असेही सांगतात की, बलवान माणूस ज्याला धर्म म्हणतो त्यालाच लोक धर्म म्हणतात. कुरुकुलातील सर्वांत ज्ञानी पुरुषाचे हे बोलणे आहे! द्रोण बोलत नाहीत. उठून बोलतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तो रीतसर कारणे देतो. व्यसनात बुडालेल्या राजाची कृती ग्राह्य नसते. ती पाचही भावांची पत्नी आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता. आणि तिचे नाव पणासाठी सुचवले ते शकुनीने. म्हणून ती जिंकली गेलेली नाही.

त्याला गप्प बसवतो कर्ण. विकर्ण पोरवयाचा आहे असे म्हणून तो त्याचा मुद्दा उडवतो, पाच पतींच्या पत्नीला कुलटा ठरवतो, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे काढून घे, अशी दुःशासनाला आज्ञा करतो. दुःशासनाचा हात सर्वांना आठवतो, आज्ञा कोणाची होती ते मात्र अनेकांच्या स्मरणात नसते.

विदुर या वेळी विरोचन आणि सुधन्वा यांची जुनी कथा सांगतो. विरोचन हा प्रल्हादाचा मुलगा. श्रेष्ठ कोण, यावर दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. प्रल्हादाने स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल दिला. त्या कथेत सभेतील अधर्माची वाटणी सांगितली आहे : निंद्य कर्माची निंदा झाली नाही, तर अर्धे पाप सभेच्या प्रमुखाला, एक चतुर्थांश करणाऱ्याला आणि उरलेले चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांना. करणाऱ्याच्या वाट्याला चारआणेच! संस्थेच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत, नातेवाइकांच्या वाटाघाटीत अध्यक्षस्थानी बसणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. विदुराने एवढे सांगूनही राजे बोलले नाहीत.

मग कर्णाला सहानुभूती देणाऱ्या लेखकांनी चूक केली का? तसे म्हणता येत नाही. पराभूताच्या बाजूने कथा सांगणे ही आपली जुनी परंपरा आहे. भासाने ‘कर्णभार’ लिहिले. ‘ऊरुभंग’मध्ये त्याने मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाला नायक केले. शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ १९५३चे, दिनकरांचे ‘रश्मिरथी’ १९५२चे, शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७चे, त्यामागून रणजित देसाईंचे ‘राधेय’. कुळावरून माणसाची किंमत करणाऱ्या समाजाला कर्णाने जे विचारले, ते विचारणे आवश्यकच होते आणि आजही आहे. रंगभूमीवर त्याचे कुळ विचारले जाते तो अन्याय व्यासांनीही लपवलेला नाही. पण भासाचा दुर्योधन मरताना आपल्या लहान मुलाला पांडवांची सेवा करायला सांगतो. भासाने त्याला सहानुभूती दिली ती अशी. त्याचा अपराध दुसऱ्या कोणाच्या माथी मारला नाही.

कर्णाच्या बाबतीत तर हे काम व्यासांनीच करून ठेवले आहे, आणि नेमके तेच आपण वाचत नाही. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, असे सांगतो. राज्य त्याच्यापुढे ठेवलेले असते. कर्ण ते नाकारतो. अधिरथ आणि राधा यांनी आपल्याला वाढवले, ते नाते राज्यासाठी तोडता येणार नाही; दुर्योधनाने आपल्या भरवशावर युद्ध मांडले आहे. ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, अशी विनंतीही तो करतो, कारण कळले तर तो राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू. इतका स्वतःला ओळखणारा माणूस त्याच संभाषणात आणखी एक गोष्ट बोलतो. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण कटू शब्द बोललो, त्या कर्माचा आज ताप होतो आहे.

तो स्वयंवराचे नाव घेत नाही. मला हिणवले होते म्हणून मी बोललो, असे म्हणत नाही. कारण सांगतो ते एवढेच, की मित्राला खूश करायचे होते. हे कारण लाजिरवाणे आहे आणि खरे आहे. आपल्यापैकी कोणी वरिष्ठाच्या, मित्राच्या किंवा गटाच्या मर्जीसाठी कधी कुणाला टाकून बोललेला नाही? कर्ण आपल्याला जवळचा वाटायला हवा तो इथे. त्याला निर्दोष ठरवण्याच्या भरात आपण त्याचा हा पश्चात्तापच काढून घेतो. अपराध नसेल, तर पश्चात्ताप कशाचा?

युद्धाच्या सतराव्या दिवशी रथाचे चाक रुतते आणि कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो. उत्तर कृष्ण देतो, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांत सभेत ओढून आणलेली द्रौपदी आहे. मान खाली घालून कर्ण गप्प राहतो. या वेळी त्याच्यापाशीही उत्तर नसते.

द्रौपदीच्या प्रश्नाला मात्र शेवटपर्यंत कोणीच उत्तर दिले नाही. कोल्हेकुई ऐकू आली, धृतराष्ट्र घाबरला आणि वर माग म्हणाला. प्रतिविंध्याला कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून तिने आधी युधिष्ठिराची मुक्तता मागितली, मग उरलेल्या चौघांची, शस्त्रांसह. तिसरा वर तिने घेतला नाही. बुडणाऱ्या पांडवांना पार नेणारी ही नौका झाली, असे त्या वेळी सभेत म्हणाला तो कर्णच. ते कौतुक होते की टोमणा, हे व्यासांनी सांगितलेले नाही.