रिकामा बाक



स्टेफान झ्वाइगच्या आत्मकथनाचं नाटक करू म्हटल्यावर अकोल्यातल्या आमच्या गटातून पहिला प्रश्न आला, "हे वऱ्हाडात कोणाले पाह्यचं हाय?" प्रश्न रास्त होता. व्हिएन्नाचा हा ज्यू लेखक. १९३३मध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, १९३४मध्ये त्याने ऑस्ट्रिया सोडलं. शेवटी ब्राझीलमध्ये, फेब्रुवारी १९४२ला, त्याने आणि पत्नी लोटेने आयुष्य संपवलं.

मला पासपोर्टचा भाग हवा होता. १९१४च्या आधी हा माणूस पासपोर्टशिवाय हिंदुस्थानात येऊन गेला होता. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याचा पासपोर्ट रद्दी झाला. कागद म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात काय होतं ते तुम्ही जाणता. आजीचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. मी दिवसभर डेटाबेसमध्येच असतो. एका वेलांटीपायी माणूस सापडेनासा होतो. पहिल्या खर्ड्यात मी झ्वाइगला टोपीच घातली होती, दोन्ही अर्थांनी.

तो खर्डा फाडला. ज्यूंचं दुःख उसनं घ्यायचं आणि घरात 'यहुदी' ही शिवी ऐकून गप्प बसायचं, हे जमेना.

मग उरला बाक. झ्वाइगची चौऱ्याऐंशी वर्षांची आई व्हिएन्नात मागे राहिली होती. फिरायला निघाली की पाच-दहा मिनिटांनी तिला कुठेतरी टेकावं लागे. नाझी आले आणि आठवड्याच्या आत ज्यूंना सार्वजनिक बाकांवर बसायला बंदी झाली. काही महिन्यांनी ती वारली. बातमी ऐकून आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, असं मुलगा लिहितो.

रंगमंचावर एवढंच ठेवलं. म्हातारी येते, बाकापाशी थांबते, बसत नाही. संवाद नाही. ही भूमिका करणाऱ्या आपा अमरावतीच्या; बडनेऱ्याहून गाडी पकडून तालमीला यायच्या. मी त्यांना खांदे कसे पाडायचे ते दाखवत होतो. त्या म्हणाल्या, "बाबू, लेकीच्या तलाकची जमातीतली बैठक मी दाराबाहेर उभं राहूनच आयकली. मले उभं राह्यचं शिकवू नोको."

त्या दिवशी तालीम पुढे गेली नाही. बाकामागे नाझी चिन्हाचा पडदा लावायचा ठरला होता, तो काढून टाकला. बाक कोणत्या गावचा, हे प्रेक्षकाला सांगायचं नाही.

पुढचा प्रयोग अमरावतीत आहे. हॉल नको, मोहल्ल्यातल्या अंगणात करा, असं आपांचं म्हणणं. बाक मात्र तुमच्यापैकी कुणीतरी द्या. अकोल्याचा शाळेला परत करावा लागला.